मुळशीचं पाणी, कुंडलिकेचं पात्र

कोलाडला राफ्टिंगला चाललोय असं मामाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "जानेवारीत? कोकणातल्या नदीला जानेवारीत पाणी असतं होय?" मग जरा थांबून स्वतःच उत्तर दिलं. "असेल. भिऱ्याच्या वीजघराचं असेल."

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेला, वय सदुसष्ट. त्याला कुठलीही गोष्ट मधूनच सुरू केलेली चालत नाही. सिनेमाची पाटी चुकली तर तो सिनेमा बघत नाही. "मी येतो. पण पाणी जिथून सुटतं तिथून निघायचं. अधेमधे काय नदीत शिरायचं?" झालं. दोन तासांच्या राफ्टिंगसाठी चार दिवसांचा प्रवास ठरला. गाडी माझी, हिशेब मामाचा, आणि तिसरी माझी मैत्रीण. फुगवायची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, तिची. तिचं माहेर पौडजवळ, पण "मूळ गाव कुठलं" असं विचारलं की ती हाताचा पंजा खाली करून दाखवते. गाव मुळशी धरणात आहे.

गुरुवार : पुणे, मुळशी, ताम्हिणी, भिरा

चांदणी चौकातली गर्दी पार करून पिरंगुटला मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पौडच्या पुढे रस्ता अरुंद होतो, डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर उजव्या हाताला अचानक पाणी दिसतं. निळं, शांत, लांबच लांब. काठाला शनिवार-रविवारवाल्यांसाठी बांधलेली रिसॉर्टं. प्रत्यक्ष भिंतीवर जाता येत नाही, तेव्हा जलाशयाच्या कडेला एका मोकळ्या जागी गाडी लावून उतरलो.

हे मुळेचं पाणी. पुण्यात संगमावर मुठेला भेटते तीच मुळा. तिथून भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे इथे पडलेल्या थेंबाला हजारभर किलोमीटर पूर्वेला जायचं असतं, आणि अरबी समुद्र मात्र कड्याखाली, सरळ रेषेत फार दूर नाही. मुळशी धरण ज्यातलं, त्या टाटांच्या वीज योजनेची सगळी गंमत याच उफराटेपणात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून कड्यापर्यंत न्यायचं आणि पश्चिमेला खाली सोडायचं. उंचीचा फरक साधारण ५०० मीटर. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२चं आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारं भिऱ्याचं १९२७चं. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना. १९२५ साली मुंबईत विजेची लोकलही धावली होती, तेव्हा भूक वाढतच जाणार होती.

पुण्यात सेनापती बापट रस्त्याला सगळे एस. बी. रोड म्हणतात. मुंबईत दादर-परळला त्याच नावाचा रस्ता आहे, तोही जुन्या गिरण्यांच्या कडेने जाणारा. ज्या माणसाने गिरण्यांच्या विजेसाठीच्या धरणाला अंगावर घेतलं, त्याचं नाव गिरणगावातल्या रस्त्याला. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. 'सेनापती' ही पदवी त्यांना मिळाली ती याच खोऱ्यात. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायाही होत्या, आणि बऱ्याच होत्या. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेव्हाची. आंदोलन उभं करण्यात विनायकराव भुस्कुटे पुढे होते. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, धरपकड झाली, आणि १९२४च्या अखेरीला बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली तेव्हा त्यांना सात वर्षांची शिक्षा लागली. धरण झालंच.

मी हे मैत्रिणीला उत्साहाने सांगत होते. तिने मध्येच तोडलं.

"जमीन आमच्या नावावर होती कुठे? कसायला आम्ही, सातबारा पुण्यातल्या सावकाराचा. सावकाराला पैसे मिळाले. त्याने घेतले आणि तो गप्प बसला."

ही बाजू शाळेच्या धड्यात नव्हती. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या, त्यामुळे मोबदल्याचा आकडा वाढला तसा त्यांचा विरोध मावळला. कसणाऱ्याला जमीन हवी होती, मालकाला भाव. तिच्या पणज्याने पौडच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतात राबून संसार पुन्हा उभा केला. आजी सांगायची की मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती वर येतात. आता जानेवारी, धरण बऱ्यापैकी भरलेलं, त्यामुळे दिसण्यासारखं काही नव्हतं. ती तरीही पाच मिनिटं एका ठरावीक दिशेला बघत उभी राहिली. मामाने पहिल्यांदाच आकडे सांगायचं थांबवलं.

गाडीत बसल्यावर लगेच सुरू केले. मुळशीत मावतं ते पाणी वीसेक टीएमसी, म्हणजे वीसेक अब्ज घनफूट. पुण्याची तहान भागवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९. "म्हणजे पुण्याच्या दोन तृतीयांश पाणी रोज कड्यावरून खाली टाकतो आपण," मामा म्हणाला. रोज नव्हे, वर्षाला. पण चालकाने वाद घालू नये. दुष्काळाच्या वर्षी भीमेच्या खोऱ्यातून मागणी होते की हे पाणी पूर्वेलाच सोडा. पाऊस चांगला झाला की मागणी विरते.

ताम्हिणी घाट जानेवारीत ओळखू येत नाही. पावसाळ्यात जिथे गाड्यांच्या रांगा आणि मक्याच्या कणसांचा धूर, तिथे आता नुसतं पिवळं गवत आणि सूं सूं वारा. कड्यावरून खाली कुंडलिकेची दरी दिसते. खोल, दोन्ही बाजूंना सरळ भिंती. घाट उतरून विळ्याहून आत वळलो आणि संध्याकाळी भिऱ्याजवळ एका घरगुती मुक्कामाला पोचलो. हेच ते भिरा, ज्याचं तापमान मार्च २०१७मध्ये ४६.५ अंश नोंदलं गेलं आणि देशभर बातमी झाली. आकडा खरा की यंत्राची चूक, यावर पुढे बरीच चर्चा झाली. आम्ही मात्र रात्री गोधडीत कुडकुडत होतो.

शुक्रवार : आधी खरी नदी

मामाचा आग्रह असा की धरणाचं पाणी बघायच्या आधी कुंडलिकेचं स्वतःचं पाणी बघायचं. म्हणून सकाळी सहालाच देवकुंडाकडे निघालो, गावातला एक मुलगा वाटाड्या घेऊन. वाट आधी भिऱ्याच्या छोट्या धरणाच्या पाण्याकाठाने जाते आणि मग जंगलात शिरते. दीड-दोन तास चाललं की कातळाच्या कवेत एक कुंड आणि वरून पडणारी धार. पावसाळ्यात इथे माणसं वाहून गेली आहेत, त्यामुळे त्या दिवसांत बंदी असते आणि असायलाच हवी. जानेवारीत धार बारीक झालेली. वाऱ्याने हलत होती, कधी कातळाला चिकटायची, कधी सुटी व्हायची. कुंडातलं पाणी हिरवं आणि हाडं गोठवणारं. मी पाय बुडवले आणि लगेच काढले.

कुंडलिका इथे उगम पावते असं सगळे सांगतात. (जालन्याची कुंडलिका वेगळी. तिकडच्या वाचकांनी रागावू नये.) कुंडातून बाहेर पडणारा ओढा आम्ही चपला हातात घेऊन ओलांडला. घोटाभर पाणी. "हे बघून ठेवा," मामा म्हणाला. "ही नदी. उद्या जिच्यात तुम्ही उड्या मारणार ती दुसरी."

परतताना दुसरी दिसली. कड्यावरून उतरणारे जाडजूड नळ, पायथ्याला वीजघराची जुनी इमारत, आणि तिथून मुंबईकडे निघालेले मनोऱ्यांवरचे तारांचे फाटे. आत अर्थातच सोडत नाहीत. कुंपणाबाहेर एका दगडावर बसून मामाने काठीने मातीत जे काढून दाखवलं, ते मी वहीत उतरवून घेतलं.

पाणी ५०० मीटर खाली येतं, तेव्हा नळाच्या तोंडाशी त्याचा दाब इतका असतो की तोटीतून सुटणारी धार ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पळते. ही धार चाकाच्या परिघावर बसवलेल्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटी मधोमध दुभंगलेली, दोन चमचे शेजारी शेजारी जोडल्यासारखी. धार दोन्हीकडे फुटून मागे वळते आणि जाताना आपला सगळा जोर वाटीला देऊन जाते. याला पेल्टन चाक म्हणतात. उंची मोठी आणि पाणी बेताचं असेल तिथे हेच वापरतात. हजार लिटर पाणी वरून खाली आलं की साधारण एक युनिट वीज. घरातली गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. ती पूर्ण रिकामी झाली की एक गीझर अर्धा तास चालेल.

"आणि चाकातून बाहेर पडलेलं पाणी?" मैत्रिणीने विचारलं.

"थकलेलं. नुसतं खाली पडतं."

पण थकलेल्या पाण्यालाही सुट्टी नाही. मूळ वीजघर १५० मेगावॉटचं. १९९०च्या दशकात शेजारी तेवढ्याच ताकदीचा एक उलटसुलट संच बसवला, जो विजेला मागणी नसते तेव्हा खालचं पाणी पुन्हा मुळशीत चढवतो आणि मागणी वाढली की परत उतरवतो. चढवताना जास्त वीज खर्ची पडते, उतरवताना कमी मिळते, तरी परवडतं, कारण रात्री दोनची वीज आणि संध्याकाळी सातची वीज यांचा भाव एक नसतो. मग भिऱ्याखालच्या तळ्यात साठलेलं पाणी आणखी खाली रवाळज्याला सरकारी वीजघरात जातं. तिथे ४०-४० मेगावॉटचे दोन संच. तिथून सुटलं की मग ती नदी. राफ्टिंगवाल्यांची नदी. पाण्याने दोनदा हजेरी भरल्यावर आपल्याला खेळायला मिळतं.

हे ऐकल्यावर एक साधी गोष्ट डोक्यात लख्ख झाली. या नदीला पूर येतो तो पावसाचा नाही. मुंबईत सकाळी पंप आणि गीझर सुरू होतात, कचेऱ्यांतले एसी लागतात, तेव्हा इथे संच फिरतात आणि नदी भरते. मागणी उतरली की नदीही उतरते.

रात्री मुक्कामाच्या घरी पोपटी लावली. जानेवारीत रायगडात येऊन पोपटी न खाता जाणं म्हणजे पंढरपुरापर्यंत जाऊन विठोबाला न भेटणं. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला दाबून बसवायचा. मडकं शेतात उपडं घालून भोवती पालापाचोळा पेटवायचा. घरधन्याने अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, चर्र आवाज आला. "झाली." शेंगा सोलून खाताना भांबुर्ड्याचा वास बोटांना लागतो तो दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. मामाने कोंबडी मैत्रिणीकडे सरकवली आणि शेंगांचा ढीग स्वतःकडे ओढला.

शनिवार : पाण्याची वाट

आयोजकाने सांगितलं होतं आठ. आम्ही साखळेवाडीच्या काठावर पावणेआठला हजर. नऊ वाजले. साडेनऊ. शंभरेक माणसं हेल्मेटं आणि लाइफ जॅकेटं घालून उन्हात उभी, पुण्याच्या एका कंपनीचा अख्खा विभाग, दोन कॉलेजांचे गट, आणि समोर नदी म्हणजे नुसता गोट्यांचा पट. मधून एक ओघळ. ढोकरी एका पायावर उभी, तिला कसली घाई नाही. विचारलं की एकच उत्तर, "पाणी सोडलं नाही अजून." मला राग आला होता, पण तो आयोजकाने 'आठ' इतक्या खात्रीने सांगितलं याचा. पाणी कधी सुटणार हे ठरवणं त्याच्या हातात नाही, तर तसं सांगायला काय हरकत होती?

मामा मजेत होता. पाण्यात उतरणार नव्हता, घड्याळ काढून गोटे मोजत बसला होता. त्याने काठाजवळचा एक काळा दगड नेमून ठेवला.

पाणी आलं ते आवाजाने आलं नाही. मला उगीच वाटलं होतं की लाट येईल. आधी ओघळ रुंद झाला. मग मामाचा दगड निम्मा भिजला. गोट्यांमधल्या फटी भरत गेल्या, सुकलेली पानं आणि काटक्या फिरत फिरत पुढे निघाल्या, ढोकरी उडून वरच्या खडकावर जाऊन बसली. दगड दिसेनासा झाला तेव्हा मामाने घड्याळ बघितलं, "अठरा मिनिटं." वर बघेपर्यंत समोर एक नदी वाहत होती. रुंद, हिरवट, जोरदार, जणू कायमचीच इथे असावी.

मग एकदम धावपळ. राफ्ट उचलून पाण्यात. आमचा गाईड उत्तराखंडचा, गंगेवर शिकलेला, शेजारच्या राफ्टवरचा मात्र इथल्याच वाडीतला आदिवासी पोरगा. सेफ्टी कयाकवर आणखी एक जण. सूचना हिंदीत, हुकूम इंग्रजीत. फॉरवर्ड म्हटलं की सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं, बॅक म्हटलं की उलटं, गेट डाऊन म्हटलं की तळात बसून दोरी धरायची. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टीसारखी मूठ असते, तिच्यावरचा हात कधीही सोडायचा नाही. सुटली तर ती शेजाऱ्याचे दात काढते. पाण्यात पडलात तर पाठीवर पडून राहा, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर. उभं राहायचा प्रयत्न करू नका, गोट्यांत पाय अडकला की पाणी माणसाला पालथा घालतं. ही शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची आणि तेव्हाच निम्मे लोक सेल्फी काढत होते.

पहिला रॅपिड, म्हणजे पाणी खडकांवरून उसळतं तो टप्पा, पाच मिनिटांतच. त्याचं नाव गुड मॉर्निंग, आणि ते का ते लगेच कळतं. मुळशीच्या तळ्यातलं, वर बोचऱ्या थंडीत राहिलेलं पाणी सरळ तोंडावर. श्वास कोंडला, ओरडायला तोंड उघडलं तर तेही भरलं. पुढे राजधानी एक्स्प्रेस. नावं ठेवणारे उत्तरेकडून आलेले दिसतात, कारण एकही रॅपिड डेक्कन क्वीन नाही. बूम शंकरला आमची राफ्ट आडवी झाली आणि समोर बसलेला कंपनीवाला मुलगा माझ्या मांडीवर आला. "सॉरी मॅम." "अरे वल्हं मार आधी!"

साधारण बारा-तेरा किलोमीटरचा हा पट्टा, अवघडपणाची श्रेणी दोन-तीनची. हिमालयात जाऊन आलेल्यांना ही नदी सोपी वाटते. खरंय, सोपी आहे. पण तिच्याइतकी भरवशाची दुसरी नदी महाराष्ट्रात मला माहीत नाही. बाकीच्या नद्यांना पावसाळ्यात नको इतकं पाणी आणि दिवाळीनंतर गोटे. इथे मे महिन्यातही सकाळी नदी भरते. शिवाय कोकणातल्या नद्यांचा उतार तीव्र आणि तळाला काळ्या कातळाच्या पायऱ्या, त्यामुळे पाणी सोडलं की दर काही अंतरावर ते फुटतं, घोळतं, पुन्हा शांत होतं. दोन रॅपिडांच्या मधले शांत तुकडे मला जास्त आवडले. दोन्ही काठांना करंज आणि जांभूळ वाकलेले, खंड्या निळी रेघ ओढत पुढे जातो, दूर कड्यांची ओळ. एका डोहात गाईडने उड्या मारायला परवानगी दिली. जॅकेट घालून पाठीवर तरंगत, कान पाण्यात, तेव्हा खालून गोटे घरंगळल्याचा बारीक कटकट आवाज ऐकू येतो. मैत्रीण शेजारी तरंगत होती. म्हणाली, "आमच्या घरावरचं पाणी आहे हे." हसत म्हणाली. मग काही वेळाने, "मजा मात्र येतेय."

कामथला काठावर काढलं. बारा वाजत आले होते. गरम पोहे आणि चहा. इथे बाकीचे सगळे बसमध्ये बसून गेले आणि आम्ही शहाणपणा केला.

मैत्रिणीची कयाक गाडीत होती. खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यापर्यंत नदी संथ होत जाते, तर थोडं पुढे जाऊन येऊ, असा बेत. तिथल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता? पाणी उतरंल." आम्ही म्हटलं, तासाभरात येतो. वीसेक मिनिटं स्वर्ग होता. मोटार नाही, आरडाओरडा नाही, वल्ह्यावरून पडणाऱ्या थेंबांचा आवाज तेवढा. मग कयाकच्या पोटाला काहीतरी घासलं. मग परत. उजवीकडे गोटे वर यायला लागले, डावीकडे काठ लांब गेला. जिथे आत्ता पोहता आलं असतं तिथे गुडघाभर, मग घोट्यापर्यंत. दहा मिनिटांत आम्ही दोघी एका फुगवलेल्या पिवळ्या वस्तूवर, कोरड्या पडत चाललेल्या नदीच्या मधोमध बसलेल्या होतो. उतरलो आणि ओढायला लागलो. शेवाळलेल्या गोट्यांवरून कयाक ओढणं हा साहसी खेळ नाही, ती मजुरी आहे. मी दोनदा पडले, डावा अंगठा सुजला. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवून पूर्ण कार्यक्रम बघितला. त्यांना इथलं वेळापत्रक माहीत होतं, धुणं आटोपत आणलेलं होतं.

मामाने पुलाजवळ आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "किती वाजता बंद केलं?"

रविवार : समुद्रापर्यंत

अंगठ्याला हळद लावून निघालो. डोलवहाळचा बंधारा धावता पाहिला, पण तो धावता बघण्यासारखा नाही. वीज करून झालेलं, राफ्टिंग करून झालेलं पाणी इथे अडतं आणि कालव्यांतून रोहा-माणगावच्या शेतांकडे वळतं. कोकणात पावसाळ्यानंतर भात म्हणजे एरवी चैन, पण कालव्याच्या दोन्ही अंगांना रोपं लावलेले वाफे दिसत होते, पोपटी हिरवे. मुळशीतल्या भातखाचरांवरचं पाणी इथल्या भातखाचरांत. मैत्रीण खाली उतरून बांधावर उभ्या असलेल्या एका काकांशी बराच वेळ बोलत होती. परत आल्यावर सांगितलं, "त्यांना वाटतं पाणी भिऱ्यात तयार होतं."

कोलाड स्टेशनावर मालगाडीवर ट्रक चढवतात, ते मामाला बघायचं होतं. कोकण रेल्वेने १९९९ साली सुरू केलेली ही रो-रो सेवा. ट्रकसकट ड्रायव्हर गोव्यापर्यंत झोपत जातो. नेमका तेव्हा एकही ट्रक नव्हता.

रोह्याला नदी गावाला वळसा घालते. धाटावच्या कारखान्यांच्या बाजूने खाली गेलो तसा पाण्याचा रंग आणि वास बदलला. याविषयी एवढंच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या रोह्याचे, पांडुरंगशास्त्री आठवलेही इथलेच. गावाच्या आकाराच्या मानाने हे बरंच झालं. पुढे नदी उरत नाही, खाडी होते. भरती-ओहोटी सुरू, तिवरं सुरू, आणि नदीचं घड्याळ मुंबईऐवजी चंद्राच्या हातात जातं.

रेवदंड्याला दुपारी पोचलो. साळावच्या पुलावरून डावीकडे कोर्लईचा लांब सुळका, उजवीकडे माडांत बुडालेला रेवदंड्याचा कोट, मधून कुंडलिका समुद्रात. दोन्ही किल्ले पोर्तुगीजांचे. कोर्लई गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली एक बोली घराघरांत बोलतात, जिच्यात मराठीही मिसळलेली आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ साली याच चौलच्या किनाऱ्यावर उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. कोटाच्या तटावर चढून आम्ही शहाळी प्यायलो. ओहोटी होती. चिखलाचा चकचकीत पट, त्यात मुंबईच्या दिशेला तोंड करून होड्या आडव्या पडलेल्या, कालच्या आमच्या कयाकसारख्या.

मामाने जाळीदार पिशवीत सोडे आणि बोंबील घेतले. गाडीला पुढचे तीन आठवडे त्यांचा वास होता.

परतीला पुन्हा कोलाड, सुतारवाडी आणि घाट. रवाळज्याच्या अलीकडे रस्ता नदीला लागून जातो तिथे चहाला थांबलो. सहा वाजून गेले होते, खाली पात्रात अंधार आणि गोटे, गोट्यांवर चार पोरं क्रिकेट खेळत होती. चहा येईपर्यंत त्यांनी स्टंपं उपटली आणि कुणी हाक न मारता वर आली. मी विचारलं, "संपली मॅच?" एक जण म्हणाला, "पाणी येतंय."

आम्हाला काही दिसेना. मग खालून आधी ओला वास आला, मागोमाग गोट्यांमधून सळसळ. मामाने चहाचा ग्लास कठड्यावर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं.

"मुंबईत दिवे लागले," तो म्हणाला.